लहानपणीच्या सुट्टीच्या जागी अनेक वर्षांनी जाताना

लहानपणी आईवडिलांबरोबर ज्या ठिकाणी आपण वर्षानुवर्षे सुट्टीसाठी जात होतो, त्या ठिकाणी तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा जावे असे कित्येकांच्या मनात असते, आणि बहुतेकांचे ते जाणे नुसतेच ठरत राहते. जे जातात त्यांच्यापैकीही अनेक जण हिरमुसून परततात. जागा लहान वाटली, गर्दी वाढली, ओळखीचे काहीच उरले नाही, असे ते सांगतात. माझ्या मते या हिरमोडाचे मूळ जागेइतकेच आपल्या बिनतयारीत असते. मी स्वतः पहिल्या वेळी कसलीही तयारी न करता गेले आणि दोन तासांत परत फिरले. चार वर्षांनी पुन्हा गेले ती मात्र तयारी करून, आणि ते तीन दिवस मी जन्मभर जपून ठेवीन. या दोन भेटींतून आणि स्मृतीविषयी अभ्यासकांनी जे दाखवून दिले आहे त्यातून जे हाती आले, ते इथे मांडते आहे. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकते: निघण्यापूर्वी आपली आठवण कागदावर उतरवून ठेवावी, कारण ती जागा पुन्हा पाहिल्यावर आठवण पूर्वीसारखी राहत नाही.

आठवण आधी कागदावर

आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेली वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते की माणूस आठवताना जुने चित्र जसेच्या तसे बाहेर काढत नाही. उरलेल्या तुकड्यांवरून आणि स्वतःच्या आजच्या समजुतींच्या आधाराने तो ते दर वेळी नव्याने रचतो. पुढे २००० मध्ये मेंदूचे अभ्यासक करीम नादेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की पक्की झालेली आठवणसुद्धा एकदा जागी केली की काही काळ पुन्हा कच्ची होते आणि मेंदूला ती नव्याने साठवावी लागते. उंदरांवरचा निष्कर्ष माणसाच्या सुट्टीच्या आठवणींना जसाच्या तसा लावता येणार नाही हे खरे, पण मला जो अनुभव आला तो याच्याशी जुळणारा आहे. आम्ही ज्या तळ्याकाठच्या घरात उतरत असू त्याच्या अंगणाला लाकडी फाटक होते. पहिल्या भेटीत मी तिथे लोखंडी दार पाहिले. त्या दिवसापासून मी कितीही डोळे मिटून बसले, तरी सहा वर्षांची मी त्या लोखंडी दारातूनच आत पळताना दिसते. लाकडी फाटक होते हे आता मला केवळ एका फोटोवरून ठाऊक आहे. जाण्यापूर्वी मी त्या फाटकाविषयी दोन ओळी लिहिल्या असत्या, त्याची कडी कशी उघडत असे एवढे जरी टिपले असते, तरी ते माझ्यापाशी राहिले असते.

हे लिहिणे एका बैठकीत होत नाही. आठ-दहा दिवस वही हाताशी ठेवावी आणि सुचेल तसे उतरवत जावे. जुने फोटो या काळात मुळीच पाहू नयेत, कारण फोटो पाहिला की त्याच्या चौकटीबाहेरचे सगळे अंधुक होऊ लागते. सुरुवात पोहोचण्याच्या क्षणापासून करावी: गाडीतून उतरल्यावर पायाखाली काय होते, माती, वाळू की खडी, डाव्या हाताला काय दिसे, दार कोण उघडत असे, आत शिरल्यावर पहिला वास कशाचा येई. मग घराचा आणि परिसराचा नकाशा हाताने काढावा. तो प्रमाणात नसावा. आठवणीत जे मोठे आहे ते मोठेच काढावे. माझ्या नकाशात स्वयंपाकघरापेक्षा त्याच्या मागच्या तीन पायऱ्या मोठ्या निघाल्या, आणि आम्हा मुलांचा खरा दिवस कुठे जात होता ते मला त्यावरूनच उमगले.

लिहिताना प्रत्येक गोष्टीपुढे एक खूण करावी: हे मला स्वतःला आठवते, हे मला कोणी सांगितले, हे मी फोटोत पाहिले. ही छाननी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये. मोठेपणी बहुतेकांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचे काहीच आठवत नाही, आणि त्यानंतरच्या काही वर्षांचेही विखुरलेलेच आठवते. म्हणजे दोन वर्षांचे असताना पाहिलेल्या लाटेची जी ‘आठवण’ आपण सांगत असतो ती बहुधा घरात ऐकलेल्या गोष्टीतून तयार झालेली असते. मानसशास्त्राच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या प्रसंगांत एक खोटा प्रसंग मिसळून सांगितला होता, की तुम्ही लहानपणी बाजारसंकुलात हरवला होतात. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या लोकांना तो न घडलेला प्रसंग थोडाफार किंवा पूर्ण ‘आठवला’. हे वाचून आपल्या आठवणींविषयी धास्ती घेण्याचे कारण नाही. ऐकलेली आठवणही कुटुंबाचीच असते, फक्त ती कोणाकडून आली हे माहीत असावे.

भावंडांना विचारायचे असेल तर प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे, आणि तेही आपले लिहून झाल्यावर. सगळे एकत्र बसून गप्पा मारू लागले की जो ठासून सांगतो त्याचे चित्र सगळ्यांचे होऊन बसते. माझा दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याला तळ्यातली होडी, तिचा रंग, तिची वल्ही, सगळे आठवत होते; मला होडी अजिबात आठवत नव्हती, पण ती ज्या दोरखंडाला बांधलेली असे तो ओला, शेवाळलेला दोर तळहाताला कसा लागे ते मला स्पष्ट आठवत होते. अकरा वर्षांचा मुलगा होडीत बसत होता आणि सहा वर्षांची मुलगी काठावर दोर धरून उभी होती. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्यावर एकाच दुपारच्या दोन बाजू समोर आल्या.

आईवडील हयात असतील तर त्यांना विचारण्याचे काम सगळ्यांत आधी करावे. बाकी सगळे थांबू शकते, हे थांबू शकत नाही. त्यांना ‘काय आठवते’ असे मोघम विचारले तर ‘मजा असायची’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ही जागा कोणी आणि कशी शोधली, पहिल्या वर्षी कोणाच्या ओळखीने गेलो, सामान कोण बांधत असे, रात्री आम्ही झोपल्यावर तुम्ही काय करत होता, शेवटच्या वर्षी हे शेवटचे जाणे आहे हे तुम्हाला ठाऊक होते का, असे नेमके प्रश्न विचारावेत. मला जे वर्ष सगळ्यांत सुंदर आठवते, त्याच वर्षी बाबांची नोकरी जाण्याच्या बेतात होती, आणि संध्याकाळी ती दोघे तळ्याकाठी ज्या लांबलांब फेऱ्या मारत असत त्या केवळ आमच्या कानांवर ते बोलणे पडू नये म्हणून होत्या, हे मला आईने वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सांगितले. तिला विचारायला मी इतकी वर्षे का लावली याची खंत मला आहे. मुलांची सुट्टी ही मोठ्यांनी काम करून उभी केलेली असते. आपण परत जातो तेव्हा त्या मोठ्यांच्या वयाला पोहोचलेले किंवा ते ओलांडलेले असतो. त्यांचे त्या वेळचे वय वहीत लिहावे आणि शेजारी आपले आजचे वय लिहावे. बाबा तेव्हा अडतीस वर्षांचे होते. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा एक्कावन्न.

फोटो आणि नकाशे

वही पूर्ण झाली की मग अल्बम उघडावा. छापलेल्या फोटोंइतकेच, किंबहुना जास्तच, निगेटिव्ह शोधावेत. छापताना फोटोच्या कडा बऱ्याचदा कापल्या जात, त्यामुळे निगेटिव्हमध्ये छापील फोटोपेक्षा थोडे अधिक दिसते. आणि त्या ‘थोड्या अधिकात’ एखादी खिडकी, रस्त्याचे वळण किंवा डोंगराची धार सापडून जागा ओळखता येते. निगेटिव्हच्या पट्टीवर चौकटींचे क्रमांकही असतात, त्यावरून कोणता फोटो आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळते. छापील फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके या हिशोबाने, स्कॅन केले तर पुरेसे होते. निगेटिव्हला २४०० किंवा त्याहून अधिक लागते. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण तिथे कोणाचे तरी हस्ताक्षर असते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सत्तरच्या दशकातले पुष्कळसे रंगीत फोटो आज तांबूस दिसतात, कारण त्यांतला निळसर-हिरवा रंग अल्बममधल्या अंधारातसुद्धा इतर रंगांच्या आधी विरत जातो. आपल्याला वाटते त्या संध्याकाळी सोनेरी ऊन होते. प्रत्यक्षात ती साधी पांढऱ्या उन्हाची दुपारही असू शकते. तिथे पोहोचल्यावर ‘तो प्रकाश आता नाही’ असे जे वाटते त्यात या विरलेल्या रंगाचा वाटा मोठा असतो.

नकाशांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची उपग्रहचित्रे पाहता येतात, आणि गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये २०१४ पासून एकाच रस्त्याची वेगवेगळ्या वर्षांची दृश्ये पाहण्याची सोय आहे, मात्र ही रस्त्यांवरची दृश्ये २००७ च्या मागे जात नाहीत. त्याआधीचा काळ हवा असेल तर लँडसॅट उपग्रहांची चित्रे १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती विनामूल्य मिळतात. त्यांतला एक ठिपका, १९८२ नंतरच्या चित्रांतसुद्धा, जमिनीवरच्या सुमारे ३० मीटरांएवढा असतो; त्यामुळे घर दिसणार नाही, पण तळे किती आटले, रान किती मागे हटले, किनारा किती सरकला हे कळते. हे सगळे हाताशी असले तरी पडद्यावर गल्लीबोळ फिरून येऊ नये. जागा अजून आहे की नाही, जाण्याचा रस्ता कुठून आहे आणि मुख्य इमारत उभी आहे का, एवढे तपासावे आणि थांबावे. जागा धरणाखाली गेली असेल किंवा घर पाडले गेले असेल तर ते आधी कळलेले बरे; तो धक्का दूरच्या प्रवासाने थकलेल्या अवस्थेत, बरोबर म्हातारे आईवडील असताना बसू नये. त्यापुढचे सगळे मात्र प्रत्यक्ष डोळ्यांसाठी राखून ठेवावे.

केव्हा जावे आणि कोणाबरोबर

शक्य असेल तर त्याच महिन्यात, जमल्यास त्याच आठवड्यात जावे. वर्षातल्या त्याच तारखेला त्याच वेळी सूर्य आकाशात जवळजवळ त्याच जागी असतो. सावल्या त्याच बाजूला, तेवढ्याच लांब पडतात. त्या दिवसांतली फुले, पाण्याची पातळी, पाखरांचे आवाज यांतलेही बरेच काही जुळते. सुट्टीचा मोसम असल्याने गर्दी असेल, पण लहानपणीही ती होतीच, फक्त तेव्हा गर्दीची चिंता मोठ्यांनी वाहिली होती.

किमान दोन रात्री राहावे. पहिला दिवस हा नसलेल्या गोष्टी मोजण्यात जातो आणि तो तसा जाणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग येते तेव्हा मन तुलना करून दमलेले असते आणि समोरची जागा पहिल्यांदा दिसू लागते. पहिल्या भेटीत मी रात्र न काढता निघाले, ती माझी सगळ्यांत मोठी चूक होती. राहण्यासाठी जुनीच इमारत मिळाली तरी जुनीच खोली मागू नये. शेजारची घ्यावी. जुन्या खोलीत रात्रभर पडून राहिले की ती खोलीही लोखंडी दारासारखी होऊन बसते.

बरोबर कोणाला न्यावे हा नाजूक प्रश्न आहे. वृद्ध आईवडिलांना नेत असाल तर चढ, पायऱ्या, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह यांची चौकशी आधी करावी आणि दिवसाला एकच ठिकाण ठेवावे. त्यांना तिथे नेणे हा त्यांच्यावर केलेला उपकार आहे असा सूर आपल्या बोलण्यात येऊ देऊ नये. त्यांच्या मनात त्या जागेचे जे स्थान आहे ते आपल्यापेक्षा वेगळे असू शकते, आणि कदाचित त्यांना जायचेच नसेल. तेही मान्य करावे. मुलांना किंवा नातवंडांना नेत असाल तर दर दहा पावलांवर ‘इथे आम्ही असे करायचो’ हे सांगणे टाळावे. दिवसभरात दोन गोष्टी सांगाव्यात, नीट सांगाव्यात, आणि उरलेला वेळ त्यांना ती जागा त्यांच्या पद्धतीने वापरू द्यावी. त्यांना कंटाळा आला म्हणून आपल्या बालपणाचा अवमान होत नाही. जोडीदार असेल तर आधीच ठरवून घ्यावे की रोजचा एक तास मी एकटी किंवा एकटा फिरेन. हा तास कोणाच्याही प्रेमापोटी सोडू नये.

तिथे पोहोचल्यावर

तो एकट्याचा पहिला तास मोबाइल खिशात बंद ठेवून घालवावा. पोहोचताच फोटो काढू लागले की डोळे चौकट शोधू लागतात आणि बाकीची इंद्रिये मागे पडतात. वासाकडे विशेष लक्ष द्यावे. दृश्य आणि ध्वनी यांचे संदेश मेंदूत थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात, वासाचे मात्र त्या टप्प्यावर न थांबता भावना आणि स्मृतीशी निगडित भागांपर्यंत लगेच पोहोचतात. म्हणूनच ओल्या लाकडाचा, शेवाळाचा किंवा बंद खोलीतल्या जुन्या गाद्यांचा वास आला की काहीतरी आधी दाटून येते आणि ते काय आहे हे नंतर कळते. असा वास आला तर तिथेच थांबावे. थोड्याच वेळात नाक त्याला सरावते आणि तो दुसऱ्यांदा तितका तीव्र येत नाही.

यानंतर, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, खाली बसावे. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतात. मोठ्या माणसाचे पाच फुटांच्या आसपास. हा दीड फुटांचा फरक म्हणजे एक वेगळी जागाच असते. पायरीवर बसले, गुडघ्यांवर टेकले, की कठड्याच्या वरून दिसणारे पाणी कठड्याच्या गजांमधून दिसू लागते, टेबलाची खालची बाजू दिसते, भिंत उंच होते. ‘सगळे किती लहान आहे’ ही जी पहिली निराशा असते ती बऱ्याच अंशी इथे विरते. मी त्या तीन पायऱ्यांपैकी सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले, आणि मला मधल्या पायरीच्या दगडातला वाटीएवढा खळगा दिसला, ज्यात पावसाचे पाणी साचत असे. पहिल्या भेटीत मी त्या पायऱ्या दोनदा चढले-उतरले होते आणि तो मला दिसला नव्हता. वहीतही तो नव्हता. तो मी पूर्ण विसरले होते, आणि त्यात बोट घातल्याबरोबर तो खळगा बोटाने ओळखला.

झाडांकडेही असेच जाणतेपणाने पाहावे. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. खोडाचा खालचा भाग वर सरकत नाही, तो फक्त जाड होतो. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी जी फांदी जमिनीपासून चार फुटांवर होती ती, तुटली नसेल तर, आजही तितक्याच उंचीवर असते, आणि खोडावर कोरलेले नाव असेल तर तेही तिथेच, केवळ रुंद होऊन फाकलेले सापडते. तळ्याकाठच्या झाडाची जी आडवी फांदी गाठायला बाबा मला उचलून घेत, ती शोधताना मी पहिल्या वेळी उगाचच वर पाहत राहिले. ती माझ्या खांद्याला लागत होती. तिच्यावर हात टेकून मी बराच वेळ उभी राहिले. फांदी तेवढ्याच उंचीवर होती. उचलून घेणारे कोणी नव्हते आणि उचलून घेण्याची गरजही नव्हती.

जागा समुद्रकाठची असेल तर किनारा आकसला असे ठरवण्यापूर्वी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. शिवाय अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त आत येते आणि जास्त बाहेर जाते. मुलांना बहुधा ओहोटीच्या वेळी खेळायला सोडलेले असते, त्यामुळे आठवणीतला किनारा हा नेहमी रुंद असतो. ओहोटीची वेळ पाहून पुन्हा जावे.

जुन्या फोटोच्या जागी उभे राहून नवा फोटो काढायचा असेल तर त्यासाठी एक पूर्ण सकाळ ठेवावी, कारण हे काम वाटते तितके सोपे नसते आणि त्यातला आनंदही त्यामुळेच मोठा असतो. हिमनद्या किती मागे हटल्या हे नोंदवण्यासाठी जर्मन गणितज्ञ सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस आल्प्समध्ये त्याच त्या जागेवरून पुन्हा पुन्हा फोटो घेण्याची जी पद्धत वापरली, तिचे तत्त्व आजही तेच आहे. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशा दोन न हललेल्या गोष्टी शोधाव्यात, उदाहरणार्थ कठड्याचा खांब आणि त्यामागचे डोंगराचे टोक. फोटोत खांबाच्या डावीकडे टोक जितके दिसते तितकेच दिसेपर्यंत आपण डावीउजवीकडे सरकावे. मग अशीच दुसरी जोडी घेऊन पुढेमागे सरकावे. दोन्ही जोड्या जुळल्या की आपण फोटो काढणारा जिथे उभा होता तिथे उभे असतो. मोबाइलचा मुख्य कॅमेरा जुन्या कॅमेऱ्यापेक्षा रुंद पाहतो, साधारण २४ ते २८ मिलिमीटरच्या भिंगासारखा, तर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांना सहसा ३५ ते ५० मिलिमीटरचे भिंग असे. म्हणून नव्या फोटोत डोंगर लांब आणि केविलवाणा दिसतो. दीडपट ते दुप्पट झूम केले की तो आपल्या जागी येतो. सावलीची दिशा आणि लांबी जुळवत बसले तर फोटो किती वाजता काढला होता हेही कळते. आमचा एक फोटो सकाळी आठच्या सुमाराचा निघाला, आणि इतक्या सकाळी आम्ही सगळे न्हाऊनमाखून तयार कसे, याचे उत्तर आईने दिले: त्या दिवशी निघायचे होते.

आता तिथे दुसरे कोणी राहत असेल तर दार वाजवावे, पण आत जाण्याची अपेक्षा न ठेवता. जमल्यास आधी पत्र लिहून कळवावे. जुन्या फोटोची एक प्रत बरोबर न्यावी आणि ती त्यांना द्यावी. आपल्या घराचा चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो कोणालाही हवाहवासा वाटतो आणि त्याने आपण कोण आहोत हेही न बोलता कळते. त्यांनी नको म्हटले तर आभार मानून निघावे. आत बोलावले तर ‘इथे पूर्वी हे होते’ असे सारखे सांगत राहू नये, कारण ते आता त्यांचे घर आहे, आणि त्यांना न विचारता आतले फोटो काढू नयेत.

वाईट वाटेल, आणि ते वाटू द्यावे. दूरदेशी चाकरीला गेलेल्या स्विस लोकांना घराच्या ओढीने जे दुखणे जडत असे त्याला १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीक भाषेतले ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द जोडून नाव दिले, त्यातूनच नॉस्टॅल्जिया हा शब्द आला. त्यावरचा उपाय म्हणजे रोग्याला घरी पाठवणे. पुढे १७९८ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी नोंदवले की अशी माणसे परत गेल्यावर फार निराश होतात. त्यांना वाटते तिथले सगळे बदलले, पण खरे तर त्यांना आपले तारुण्य तिथे परत आणता आलेले नसते. मला हे निरीक्षण खरे वाटते आणि त्याचा व्यवहारात उपयोग होतो. रडू आले की आपण जागेसाठी रडतो आहोत की माणसासाठी, हे स्वतःला विचारावे. माझ्या बाबतीत ते फांदीसाठी नव्हते. माणसासाठी असेल तर त्या दिवशी आणखी काही पाहायला जाऊ नये. जिथे ते माणूस बसत असे तिथे बसावे, आणि बरोबर भावंड असेल तर त्याला बोलवावे.

जागाच उरली नसेल, तिथे इमारती किंवा पाणी असेल, तरीही जाण्यात अर्थ आहे. घर जाते, पण सहसा डोंगराची धार, वाऱ्याची दिशा, उतार आणि सूर्य मावळण्याची बाजू जात नाही. वहीतला नकाशा उलगडून, त्या न बदललेल्या गोष्टींवरून दिशा लावून, घर कुठे होते ते शोधता येते, आणि तिथल्या पाण्याकडे किंवा रस्त्याकडे तोंड करून उभे राहता येते. तिथून आठवण म्हणून दगड, विटांचे तुकडे, रोपे उचलून आणू नयेत.

भारावलेल्या मनाने तिथेच जागा किंवा घर विकत घेण्याचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. तो निर्णय परत आल्यावर सहा महिने तरी घेऊ नये.

परत आल्यावर

परतीनंतर आठवडाभरात नवी वही लिहावी. जुन्या वहीत एक अक्षरही दुरुस्त करू नये, मग ती कितीही चुकीची ठरलेली असो. आठवणीत तळ्याच्या उजवीकडे असलेले घर प्रत्यक्षात डावीकडे निघाले, तर ते नव्या वहीत लिहावे. जुनी वही ही जागेची नोंद म्हणून चूक असेल, पण सहा वर्षांच्या मुलीने ती जागा मनात कशी ठेवली होती याची ती एकमेव नोंद आहे. भावंडांना नव्या वहीची प्रत पाठवावी आणि आईवडिलांना ती वाचून दाखवावी. वाचताना ते मध्येच थांबवून काहीतरी वेगळेच सांगू लागतात, तेव्हा वाचन थांबवून तेच लिहून घ्यावे. फाटकाची कडी वर उचलून मग डावीकडे सरकवावी लागत असे, हे मला असेच कळले.

नवे फोटो छापून घ्यावेत, पण जुन्या अल्बममध्ये जुन्यांशेजारी लावू नयेत. रोज शेजारी दिसू लागले की दोन्ही एकमेकांत मिसळतात. ते वेगळ्या पाकिटात ठेवावेत. अलीकडच्या छापील फोटोच्या गुळगुळीत पाठीवर साधी पेन्सिल नीट उमटत नाही आणि पेनाची शाई शेजारच्या फोटोला लागते, म्हणून तारीख, वेळ आणि फोटोतल्या माणसांची नावे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद फोटोबरोबर ठेवावा. फोटो कोणी काढला त्याचेही नाव लिहावे. आमच्या जुन्या फोटोंत बाबा जवळजवळ कुठेच नाहीत, आणि ते का, हे कुठल्याच फोटोमागे लिहिलेले नाही.